थोराड हाडाची

"वय काय लिहू?" चावडीच्या कारकुनानं विचारलं, आणि उत्तराची वाट न बघता स्वतःच म्हणाला, "बेचाळीस-त्रेचाळीस धरू. बाई चांगल्या थोराड होत्या."

आक्काला जाऊन तिसरा दिवस होता. मला पुण्यात खबर मिळाली ती नसरापूरच्या मोटारवाल्यानं आणून दिलेल्या चार ओळींच्या चिठ्ठीतून, आणि मी वेल्ह्याला पोचले तेव्हा ओढ्याकाठची राख निवली होती. अठरा दिवस विषमज्वराशी झगडून माझी बहीण गेली. तिच्या पाठीवर मी एकटीच, म्हणून शाळेमागच्या तिच्या खोलीत माणसांना भेटायला मीच बसले होते. येणारा प्रत्येक जण हळहळत होता, आणि मी सगळं मुकाट्यानं ऐकत होते. पण कारकुनाचं ते वाक्य कानावर पडलं आणि माझं डोकं फिरलं. मी म्हटलं, "टाक खाली ठेवा." तो बिचारा गांगरला. मयताच्या बुकातला तो एक आकडा बरोबर यावा म्हणून मी एवढी का पेटले, हे त्याला कळायला काही मार्ग नव्हता. त्या दिवशी त्याला नीट सांगताही आलं नाही... आज लिहिते.

आमचं गाव हिर्डस मावळातलं. भाताची दोन खाचरं, बाकी सगळी उताराची वरकस जमीन. तिच्यातली नाचणी शिमग्यापर्यंत पुरायची. शिमग्यानंतर पोट हिरड्यावर. वडील झाडावर चढून हिरडा झोडायचे, आई खाली वेचायची, आणि वाळवलेला हिरडा डोक्यावरून भोरच्या बाजारात जायचा. मी झोळीत असताना वडील हिरड्याच्या झाडावरून पडले आणि कमरेतून मोडले. जिवानिशी वाचले, पण पुन्हा झाडावर चढले नाहीत. झाडावर काय, घराचा उंबराही ओलांडताना त्यांना काठी आणि एक खांदा लागायचा. त्या साली आमच्या घरात रानातले करांद्याचे कंद उकडून खाल्ले, टाकळ्याची भाजी नुसत्या मिठावर खाल्ली, आणि ती संपल्यावर पाणी पिऊन झोपलो, असं आई सांगायची. सांगताना तिचा आवाज कधी कापला नाही. भूक लागली होती, तर लागली होती.

त्या खांद्याचं नाव हौसा. माझी आक्का. वय वर्षं आठ. पण आठव्या वर्षी तिची मनगटं आईच्या मनगटांएवढी होती. रुंद खांदे, मोठे पंजे, थोराड हाडापेराची पोर. आमच्या घराण्यात हे वडिलांकडून आलंय, मीही त्यातलीच. पावसाळा लागला की डोंगरातल्या बाया टोळी करून खाली वरवे गावाच्या बाजूला भातलावणीला जायच्या. मजुरी भातातच मिळायची. बाईला पुरतं माप, पोराला अर्धं. टोळीची मुकादमीण गोदाकाकू म्हणून एक होती. तिनं आक्काकडं खालपासून वरपर्यंत बघितलं आणि आईला विचारलं, "पोरीला किती सरली?" आई म्हणाली, "बारा." झालं... आक्काला पुरतं माप मिळायला लागलं. चिखलात वाकून ती बायांच्या बरोबरीनं रोपं टोचायची, कुणाच्या मागं राहायची नाही. त्या पावसाळ्यात आमच्या घरी जो भात शिजला तो आक्काच्या थोराडपणावर शिजला. हे मी फुशारकीनं सांगत नाही, हिशेब म्हणूनही सांगत नाही. मी जिवंत आहे ती त्यामुळं, एवढंच.

त्याच साली गावातली शाळा मारुतीच्या देवळात भरू लागली. देऊळ आमच्या घराला लागून. वडील दिवसभर ओट्यावर पडलेले, कानावर पाढे. ऐकून ऐकून त्यांना स्वतःलाच तेरापर्यंत पाठ झाले. एक दिवस त्यांनी मास्तरांना हाक मारून सांगितलं, लावणी उरकली की माझ्या लेकीला बसवा. मास्तर रजिस्टर घेऊन दारात आले. वय विचारलं. आणि नेमकी गोदाकाकू तिथंच, चुलीला विस्तव मागायला आलेली, दाराच्या चौकटीला टेकून उभी. आई काय बोलणार? आठ म्हणावं तर पुढच्या लावणीला अर्धं माप. आई पुन्हा म्हणाली, "बारा." मास्तरांनी आक्काकडं बघितलं, मान हलवली आणि लिहिलं. त्यांना संशय येण्याजोगं काही समोर नव्हतंच. आमच्याकडं वय असंच लिहिलं जायचं, अंग बघून. जनावराला तरी दात बघतात.

आई मरेपर्यंत म्हणायची, माझ्या तोंडानं मी लेकीची चार वर्सं खाल्ली.

शाळेत आक्का पोरांच्या मागं एकटीच बसायची. पोरं तिला मावशी म्हणायची. "मावशी, पाटी पुसायला फडकं हाय का?" ती फडकं द्यायची, आणि देता देता एखाद्याचा कान असा पिळायची की दुसऱ्या दिवशी तो नीट हौसा म्हणायचा. चौथी झाली तेव्हा ती खरी बाराची, रजिस्टरात सोळाची. मग बघायला येणारे सुरू झाले. पहिल्यांदा आले ते मुलाचा चुलता आणि दोन म्हातारे. आक्कानं गूळपाणी पुढं केलं. चुलत्यानं तिला उभं राहायला सांगितलं, चालायला सांगितलं, मग आमच्या वडिलांना म्हणाला, पोरगी कामाची दिसती, पण लई थोराड हाय, आमच्या पोराशेजारी आई दिसंल. वडिलांनी मान खाली घातली. आक्का तांब्या उचलता उचलता म्हणाली, "मंग पोराला बायकू पायजे का आई, ते घरी बसून ठरवा आन् मग या."

ते उठून गेले. गावभर बोभाटा झाला. त्यानंतर आणखी तिघे आले आणि गेले, शब्द तोच... थोराड. पोरगी थोराड दिसते. चवथ्या खेपेला आक्कानं वडिलांना सांगितलं की आता कुणाला बोलवू नका, मला बघून जाणाऱ्यांनी मला काही द्यायचं नाही आणि मला त्यांच्याकडून काही घ्यायचं नाही. मला मास्तरीण व्हायचंय. वडील म्हणाले, "हो."

एवढ्या एका शब्दावर ती सात वर्षं राबली. दिवसा लावणी, कापणी, हिरडा. सकाळी शाळा भरायच्या आधी तास-दीड तास मास्तरांकडं. मास्तर भले माणूस, पुस्तकं द्यायचे, चुकलं की बोलायचे. एकोणिसाव्या वर्षी आक्का भोरला जाऊन सातवीची फायनल पास झाली. आमच्या खोऱ्यातली पहिली मुलगी. तिनं पुण्याच्या ट्रेनिंगसाठी अर्ज केला आणि तो महिन्याभरात परत आला. मुलगी एकविसाच्या आतली हवी, आणि शाळेच्या रजिस्टरावरून ती तेवीस वर्षांची.

भोरच्या कचेरीत ती स्वतः गेली. मी तेव्हा अकरा वर्षांची, हट्टानं बरोबर गेले होते. तिथल्या कारकुनानं रजिस्टराचा उतारा तिच्यापुढं ठेवला. ती म्हणाली हे चुकीचं आहे, मला एकोणीस चालू आहे. त्यानं मान वर करून तिला निरखलं आणि हसला. "रजिस्टर राहू दे बाई. एकदा आरशात बघून या."

आक्का हलली नाही. म्हणाली, "आरशातलं न्हाई, मी माझं खरं वय लिहून मागतीया. काय आणू ते सांगा."

तो म्हणाला जन्माचा पुरावा आणा. आमच्या चावडीतलं त्या सालचं जन्माचं बुक वाळवीनं खाल्लं होतं. नुसता पुठ्ठा राहिला होता आणि आत माती. पण गावाला एक गोष्ट ठाऊक होती. आक्का जन्मली त्याच दिवशी पाटलांच्या घरी तारा जन्मली. सुईण एकच, रखमाआजी. सकाळी तिनं पाटलांकडं नाळ कापली, आणि अंघोळ करते न करते तोच दुपारी आमच्या घरून बोलावणं. पाटलीणबाईंसाठी कुटलेलं डिंक-खोबरं त्या दिवशी ओंजळभर आमच्या आईलाही मिळालं होतं. आईला आयुष्यात मिळालेलं बाळंतपणाचं तेवढंच गोडधोड, ती ते विसरणं शक्यच नव्हतं. आणि पाटलांची मुलगी म्हणजे जोशीबुवांनी केलेली पत्रिका असणारच. सालासकट, तिथीसकट.

आक्का पाटलांकडं गेली. पाटलांनी सरळ नाही म्हटलं. पाटील वाईट माणूस नव्हते, हे मी आज कबूल करते. त्यांची अडचण आमच्या उलट्या बाजूची होती. तारा चणीनं अगदी बारीक. तिला भोंगवलीला द्यायचं ठरलं तेव्हा त्यांनी तिचं वय तीन वर्षं कमी सांगितलं आणि तशी दुसरी पत्रिका करून घेतली. खरी पत्रिका पेटीच्या तळाला गेली. ती कचेरीत बाहेर आली तर भोंगवलीला कळणार. पाटील म्हणाले, "तुझ्या नोकरीपायी माझ्या लेकीचा संसार मोडू का, हौसा?"

एकाच दिवशी जन्मलेल्या दोन पोरी. एकीचं अंग बघून तिला मोठी केली, दुसरीचं अंग बघून तिला लहान केली, आणि खरं वय पेटीत. आक्कानं दोन दिवस विचार केला. मग म्हणाली की संसार ताराचा आहे, तर विचारायचंही तारालाच. ती नाही म्हणाली तर मी पुन्हा तोंड उघडणार नाही. आणि भाकऱ्या बांधून दोन दिवस चालत भोंगवलीला गेली.

पुढचं मला ताराबाईंनी सांगितलं, एकदा नाही, शंभरदा. आक्का गोठ्यात तिच्याशेजारी बसली आणि सगळं सांगून म्हणाली, तू नाही म्हण, मला राग यायचा नाही. तारानं शेणाची पाटी खाली ठेवली, हात धुतले आणि थेट सासूपुढं जाऊन उभी राहिली. नवरा पुन्हा लग्न करील, सासू माहेरी घालवील, सगळं मनात येत होतं. ती म्हणाली, "आत्याबाई, मला तुमास्नी सांगितलंय त्यापरीस तीन वर्सं जास्त हायेत."

सासू शेंगा फोडत होती. तिनं वरही बघितलं नाही. "ते मला दुसऱ्याच दिशी कळलं हुतं. आमी बैल घेताना दात बघतो, सून घेताना बघणार न्हाई व्हय? अक्कलदाढ आली हुती तुला." आणि थोड्या वेळानं म्हणाली, "आता खरं बोललीस ते बरं केलंस. जा मायारी, पोरीचं काम करून ये."

तारा आक्काबरोबर माहेरी आली. पेटी उघडली, तळातली पत्रिका काढली, आणि वडिलांना म्हणाली की मी सांगून आले आहे, आता तुम्ही घाबरू नका. चौथ्या दिवशी भोरच्या कचेरीत आक्का, तारा आणि रखमाआजी अशा तिघी उभ्या राहिल्या. मी पायरीवर. साहेबांनी पत्रिका वाचली, शेजारी शेजारी उभ्या असलेल्या त्या दोघींकडं बघितलं. एक दरवाजाएवढी, एक तिच्या खांद्यालाही न पोचणारी. म्हणाले, ही पत्रिका या बाईंची, तुमची कशी? तेव्हा रखमाआजी पुढं झाली. तिची कंबर वाकलेली होती, पण आवाज नव्हता वाकला. "सायेब, सकाळी हिची नाळ कापली, दुपारच्याला हिची. हेच हात. तुमचं बुक तवा कुटं हुतं?"

साहेब हसले नाहीत. त्यांनी तिघींचे जबाब घेतले, रखमाआजीचा अंगठा घेतला आणि रजिस्टराच्या उताऱ्यावर तांबड्या शाईनं 'बारा' खोडून 'आठ' लिहिलं. आक्कानं ते वाचून घेतलं. मग कारकुनाकडं वळून म्हणाली, आता आरसा आणा, बघते. तो खरोखर लाजला.

आक्का ट्रेनिंग करून आली आणि तिला वेल्ह्याची शाळा मिळाली. तोरण्याच्या पायथ्याची थंडी, गळकं छप्पर, सुरुवातीला सात मुलं. वर्गात ती पुस्तकातलं मराठी बोलायची, बाहेर पडली की आमचं हितं-तितं. पोरांची नावं दाखल करताना तिची एक पद्धत होती, तिच्यापायी वरचे साहेबही वैतागायचे. वय विचारून ती लिहायचीच नाही. "हिच्या जोडीची कोण?" असं विचारायची. त्याच आठवड्यात कुणाच्या घरी बाळंतपण झालं, कुणाची म्हैस व्याली, कुठलं लग्न लागलं... सगळं विचारून, वस्त्यांवर धनगरवाड्यांपर्यंत स्वतः जाऊन, सुईणींना गाठून मग आकडा टाकायची, आणि आकड्यापुढं बारीक अक्षरात त्याच सुमारास जन्मलेल्या जोडीदाराचं नाव. एका पोराचं वय ठरवायला ती पानशेतकडच्या वाडीवर दोनदा गेल्याचं मला माहीत आहे. अंग बघून वय लिहायचं नाही. अंग देवाचं, वय ज्याचं त्याचं, असं ती म्हणायची.

मला तिनं आधी भोरला शिकवलं, मग पुण्याला कॉलेजात घातलं. वसतिगृहात पहिल्याच आठवड्यात एका मुलीनं मला गोड आवाजात विचारलं, "तू इतकी थोराड दिसतेस, मध्ये नापास झालीस का ग?" मी अठराची होते. बाकीच्या हसल्या. त्या हसण्यानं मला माझ्या आक्काचं सगळं आयुष्य एकदम दिसलं, आणि मी ठरवलं की हा शब्द आहे तरी कुठला, त्याचं मूळ काढायचं. ग्रंथालयात जाडे कोश उघडले. ते पुरले नाहीत तेव्हा आमच्या प्राकृताच्या प्राध्यापकांना गाठलं. त्यांनी समजावून सांगितलं: संस्कृतात 'स्थूर', 'स्थूल' म्हणजे जाड, भरीव, दांडगं. प्राकृतात त्याचं झालं 'थोर'. तिथंही अर्थ जाडच. मराठीत येता येता अंगाचा मोठेपणा गुणाचा झाला, आणि थोर म्हणजे मोठा माणूस असं आपण म्हणू लागलो. थोराड हे त्याच थोरचं लेकरू. त्यातल्या शेवटच्या 'आड'बद्दल मात्र त्यांनी प्रामाणिकपणे सांगितलं की नक्की ठाऊक नाही. ते काही असो, माझं काम झालं होतं. ज्या शब्दापायी चार घरचे लोक माझ्या बहिणीला बघून परत गेले, त्याच्या पोटात थोर होतं.

दिवाळीच्या सुट्टीत ही बातमी घेऊन मी वेल्ह्याला गेले. आक्का परातीत नाचणीचं पीठ मळत होती. मी सगळं सांगितलं, संस्कृत, प्राकृत, अगदी दमानं. वाटलं, हिला भरून येईल. तिनं पिठाचा गोळा उलटा केला.

"म्हंजी आधी जाड, मग मोठा?"

"हो."

"मंग बराबर हाय. आधी अंगानं वजं उचाललं, मोठेपन मागनं आलं."

मी म्हटलं, आक्का, आता तुला कुणी थोराड म्हणालं तर सांग, मी थोर आहे म्हणून. तेव्हा तिनं हात थांबवले आणि माझ्याकडं बघितलं, वर्गात एखाद्या पोरानं पाढा चुकवल्यावर बघायची तसं. "तुला त्यो शब्द धुवून घ्यावा लागला, व्हय? मला न्हाई लागला. लावणीला मला पुरतं माप मिळालं ते थोराड म्हनून. तू जगलीस ती थोराडपनावर. थोर काय, मेल्यावर कुनालाबी म्हनत्यात. मला थोराडच म्हन."

माझ्या सगळ्या शिक्षणाचा त्या एका परातीत निकाल लागला. पण तिचंच खरं होतं. शब्दाचं मूळ चांगलं निघालं म्हणून ती चांगली ठरणार नव्हती, आणि मूळ वाईट निघालं असतं तर ती वाईटही ठरली नसती. त्यानंतर वसतिगृहात मला कुणी थोराड म्हटलं की मी म्हणायचे, "हो, आमच्यात सगळ्या अशाच असतात." पुढं कुणी म्हणेनासं झालं, आणि मला ते थोडं चुकल्यासारखंच वाटलं.

आता तुम्हाला कळलं असेल, कारकुनाला मी टाक खाली ठेवायला का लावला. तो म्हणाला, बाई, मी काही वाईट बोललो नाही, पण पुरावा? रखमाआजी जाऊन दहा वर्षं झाली. आई नाही, वडील नाहीत. मी काही बोलणार एवढ्यात दारात ताराबाई उभ्या राहिल्या. भोंगवलीहून मिळेल त्या वाहनानं, शेवटचे चार कोस चालत आलेल्या. धुळीनं पाय माखलेले. त्या आत आल्या, आक्काच्या रिकाम्या खाटेकडं बघितलं... बसल्या नाहीत. काय चाललंय ते त्यांना दोन शब्दांत सांगितलं. त्या कारकुनापुढं गेल्या.

"माझं वय लिवा. त्येच तिचं."

कारकुनानं त्यांच्याकडं बघितलं. बारीक चण, काळे केस, पंचविशीच्या वाटाव्यात अशा. तो म्हणाला, "तुमचं किती?"

"तेहतीस. आन् अंगाकडं बघू नगा."

त्यानं टाक उचलला. शाळेत आक्काचं दाखल्याचं रजिस्टर अजून टेबलावर आहे. नवीन मास्तर आले आहेत, आणि वयाच्या आकड्यापुढं जोडीदाराचं नाव लिहायची रीत त्यांनी मोडलेली नाही, मी बघून आले. मी तिला या लेखात कुठंही थोर म्हटलेलं नाही. तिचा हुकूम होता. चावडीच्या बुकात आता तिच्या नावापुढं असं लिहिलेलं आहे: हौसा, वय तेहतीस, धंदा शिक्षकीण. आमच्या घराण्यात सरकारी बुकात बरोबर लिहिलं गेलेलं मरणाचं हे पहिलं वय. तिच्या हाताखालून बारा वर्षांत एकशे नव्वद मुलं-मुली चौथी झाल्या, आणि तिची धाकटी बहीण बी.ए. झाली.